पाव्हण्यांनी भाजलेली रोपं

माझ्या सासऱ्यांनी मला आठ वर्षं 'पाव्हणे' म्हटलं. लग्नाच्या मांडवात म्हटलं ते ठीक, जावयाला आमच्याकडे पाहुणाच म्हणतात. पण मी घरजावई होतो. त्यांच्याच घरात झोपत होतो, त्यांच्याच विहिरीवर आंघोळ करत होतो, त्यांच्याच रोपवाटिकेत सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होतो. तरी रोज सकाळी कप पुढे करताना मामा म्हणायचे, "पाव्हणे, चहा घ्या." कालच्या गाडीने सटाण्याहून आलेला माणूस आजच्या गाडीने परत जाणार असावा, अशा आवाजात.

ऐकायला हे गोड वाटतं. राहून बघावं म्हणजे कळेल. पाहुण्याला पहिलं ताट वाढतात, त्यामुळे भाजीत मीठ कमी आहे हे त्याला सांगता येत नाही. पाहुण्याला काम सांगत नाहीत, त्यामुळे त्याने आपणहून केलेलं प्रत्येक काम हौसेचं ठरतं. आणि पाहुण्याची चूक कधी काढत नाहीत. एकदा मी मिरचीचं बी ट्रेमध्ये खोल टोचलं. मी कॉलेजात गेलो तशी मामांनी सगळे ट्रे रिकामे करून पुन्हा भरले. मला महिन्याने बायकोकडून कळलं. तोवर मी चारचौघांत माझ्या मिरचीच्या उगवणीचं कौतुक सांगत फिरत होतो.

बायको एकुलती एक. माझे वडील लवकर गेले, सटाण्याला तीन मोठे भाऊ आणि त्यांना पुरेल न पुरेल एवढं कांद्याचं रान. मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून नाशिकला एका ज्युनिअर कॉलेजात तासावर जीवशास्त्र शिकवत होतो. मखमलाबादच्या बाजूला मळा असलेल्या माणसाला मुलगी लांब द्यायची नव्हती, आणि मला राहायला जागा नव्हती. दोन-चार वर्षं राहा, मग बघू, असं बैठकीत ठरलं. मग काय बघायचं ते कोणीच बघितलं नाही. मी वर्षातून एकदा गावी गेलो की आई भाकरी थापता थापता एकच प्रश्न विचारायची, "तुन्हं घर कोठे शे, भाऊ?" मी 'मखमलाबादला' म्हणायचो. ती मान हलवून दुसरी भाकरी घ्यायची. तिला उत्तर पटलेलं नसायचं, आणि मलाही.

मामांचा मळा पूर्वी फुलांचा. झेंडू, शेवंती, पहाटे टोपल्या बाजारात. पुढे ट्रेमधल्या रोपांचे दिवस आले. शेतकरी घरी वाफ्यावर रोपं करेनासे झाले, तयार रोपं मागू लागले, तेव्हा मामांनी झेंडू काढून शेडनेट उभं केलं आणि त्याच्या कडेला एक लहान पॉलिहाऊस. वरून प्लास्टिक, चारी बाजूंना गुंडाळून वर-खाली करता येणारे प्लास्टिकचे पडदे. मळ्यात त्या पडद्यांना सगळे कागदच म्हणायचे. 'कागद वर कर', 'कागद खाली घे'. आत वरच्या नळीतून पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर. ते विजेवर चालत आणि वीज मर्जीवर. भारनियमनाचीच वर्षं होती ती, वेळापत्रक छापून येत असे आणि वीज दुसऱ्याच वेळी जात असे.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात मी पळून जायचं ठरवलं होतं. पळून म्हणजे बायकोला घेऊन, रीतसर, सगळ्यांचा निरोप घेऊन. पंचवटीत एका वाण्याच्या दुकानावर एक खोली मिळत होती. एक खिडकी, बाहेर मोरी, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. मला ती खिडकी फार आवडली होती. तिथे उभं राहून मी कोणाचाच पाहुणा नसणार होतो. बायकोची एकच अट होती, टोमॅटोची रोपं जाऊ द्यायची. पेठ रस्त्यावरच्या शेतकऱ्यांनी सांगून ठेवलेली टोमॅटोची रोपं पॉलिहाऊसमध्ये वाढत होती, मृगाच्या आत न्यायची होती. ती एकदा गाडीत चढली की आपण मामांना सांगू, असं तिचं म्हणणं. तिला बापाला हंगामाच्या मध्येच सोडायचं नव्हतं. मी कबूल झालो. म्हणजे माझी सुटका त्या रोपांवर येऊन थांबली होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खोलीच्या मालकाने भेटायला बोलावलं. सकाळी निघताना गरम वारा सुटला होता. घरात आपण काय करतो? ऊन चढायच्या आत खिडक्या लावून घेतो, म्हणजे दुपारभर घर गार राहतं. मीही तेच केलं. बाहेरची झळ आत नको आणि फॉगरचं धुकं बाहेर नको, असा शहाणा विचार करून पॉलिहाऊसचे चारी कागद खाली सोडले आणि सायकलवर टांग मारली. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे केलं. दगड-मातीचं घर ऊन अडवतं आणि प्लास्टिकचं घर ते आत घेऊन कोंडून ठेवतं, हा फरक मला तेव्हा सुचला नाही, कारण डोक्यात खिडकी होती.

मालकाशी बोलणं झालं, पुढच्या महिन्यात येतो असा शब्द दिला, आणि दोनच्या सुमारास परतलो. वीज साडेअकरालाच गेली होती. कागद तसेच खाली. एका बाजूचा उचलला तर आतली हवा तोंडावर अशी आली की मी मागे सरलो. रोपांनी माना टाकल्या होत्या. सगळ्या ट्रेमधल्या, एका बाजूला, कोणी हात फिरवल्यासारख्या. दाराजवळच्या काही पानांच्या कडा वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. मी धावत सुटलो, कागद वर केले, झारी शोधली, मग भर उन्हात तापल्या पानावर पाणी नको म्हणून झारी ठेवून दिली आणि नुसता उभा राहिलो.

मामा आंब्याखाली बाजेवर बसले होते. तिथून पॉलिहाऊस समोर दिसतं. ते उठून आले, एक ट्रे उचलून पाहिला, परत ठेवला. म्हणाले, "पाव्हणे, ऊन लय हाय. सावलीत या." एवढंच.

त्या संध्याकाळी मामींनी आमरस केला. मला पहिलं ताट, रसाची वाटी काठोकाठ, वर तूप. कोणी रोपांचं नाव काढलं नाही. मामा पावसाबद्दल बोलले, मामींनी पुरीचा आग्रह केला, आणखी एक, पाव्हण्यांनी काहीच खाल्लं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो, भांडण झालं असतं, रागारागाने त्याच आठवड्यात खोलीवर गेलो असतो. आता कुठे जाणार? वर्षाची रोपं भाजून जावई पंचवटीत राहायला गेला, असं मळ्यामळ्यातून झालं असतं. मानाच्या पाटावर मला बसवून त्यांनी जणू चारी बाजूंचे कागद खाली सोडले होते. मला त्या रात्री त्या दोघांचा मनापासून राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

सकाळी पाहिलं तर बरीचशी रोपं पुन्हा उभी होती. पानं हिरवी. बायको आनंदली, म्हणाली, वाचली की हो. मला माहीत होतं की तसं नसतं. पान हिरवं आहे म्हणजे ते काम करतंय असं नाही. उन्हातून अन्न तयार करायचं जे यंत्र पानात असतं, ते फार उष्णतेने आतून मोडतं. रंग तसाच राहतो. दुकानाची पाटी आहे, दार उघडं आहे, आणि आत गल्ल्यावर कोणी नाही, असं ते असतं. अशी रोपं शेतात लावली की चार दिवसांत बसतात, मग शेतकरी रोपवाटिकेच्या नावाने बोटं मोडतो. पण मोडलेलं यंत्र पान स्वतःच दुरुस्त करू शकतं, देठ आणि शेंडा जिवंत असला तर. त्याला काही दिवस लागतात आणि मंद उजेड लागतो. अंधारात ठेवलं तर उपासमार, कडक उन्हात ठेवलं तर अर्धवट दुरुस्त झालेलं पुन्हा मोडणार. खत द्यायचं नाही, पाण्याचा मारा करायचा नाही. वाट बघायची.

मी मामींच्या जुन्या साड्या मागून घेतल्या आणि बायकोच्या मदतीने ट्रेच्या वर दोऱ्या ताणून त्या पसरल्या. फिकट, विरलेल्या साड्या, उजेड गाळून देणाऱ्या. मामांनी पाहिलं, काही विचारलं नाही. अर्थात.

पण वाट बघायची तर कशाची? रोप बाहेरून सांगत नव्हतं. तेव्हा मला आमचं प्रात्यक्षिक आठवलं, जे मी दरवर्षी अकरावीच्या पोरांकडून करून घेत असे. दिवसभर उजेडात राहिलेल्या पानात संध्याकाळी पिष्ट साठलेलं असतं. पान उकळत्या पाण्यात बुडवायचं, मग स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वर आयोडीन टाकायचं. पिष्ट असेल तर पान निळंकाळं होतं. नसेल तर आयोडीनच्याच रंगाचं, तपकिरी. मेडिकलमधून स्पिरिट आणि जखमेला लावायचं आयोडीन आणलं, एक स्टीलचा पेला आणि एक पातेलं मामींच्या फळीवरून घेतलं. पातेल्यात कढत पाणी, स्टोव्ह विझवायचा, आणि त्या पाण्यात स्पिरिटचा पेला. मामींचा जीव खालीवर होत होता. त्यांच्या स्वयंपाकघरात जावई पानं उकळत होता, आणि जावयाला 'बाहेर व्हा' म्हणता येत नव्हतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की तो पेला आता परत फळीवर ठेवू नका.

पहिल्यांदा खात्री करून घेतली. आंब्याच्या सावलीत बाहेर राहिलेला एक ट्रे होता, न भाजलेला. त्यातलं पान काळंनिळं झालं, दौत सांडल्यासारखं. आतल्या रोपाचं पान तपकिरी. दुसऱ्या दिवशी तपकिरी. तिसऱ्या दिवशी तपकिरी. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास मी एक पान तोडायचो, अर्धा तास स्वयंपाकघरात खपायचो आणि बशीत ते मातकट पान घेऊन दारात उभा राहायचो. बायको लांबून माझ्या तोंडाकडे बघून परत आत जायची. कॉलेजला सुटी, बाहेर ऊन, खोलीच्या मालकाचा निरोप आलेला की दुसरं गिऱ्हाईक विचारतंय. मी त्या मळ्यातून फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. दिवसातून कितीदा गेलो असेन देव जाणे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मामाही वाट बघत होते. एकदा पहाटे जाग आली म्हणून बाहेर आलो, तर ते साड्यांखाली वाकून उकिडवे बसलेले. मला पाहून उठले, धोतर झटकलं, काहीतरी पडलं होतं म्हणाले. मी नंतर तिथे वाकून पाहिलं. त्यांना काय बघायचं होतं ते माझ्या ध्यानात आलं. रोपाची मुळी नीट चालत असेल तर उजाडताना पानाच्या टोकाला, कडेला पाण्याचे बारीक मणी धरतात. त्यांच्या त्या ट्रेमध्ये एकाही पानावर मणी नव्हता. ते पहाटे मणी बघत होते आणि मी संध्याकाळी निळा रंग. एका घरात राहून, एकमेकांना न विचारता. आज हे आठवलं की हसू येतं, तेव्हा मला रडू आलं होतं.

पाचव्या दिवशी पानाच्या मधल्या शिरेला लागून एक अंधूक निळा डाग उमटला. मी बशी उजेडात नेली, फिरवून फिरवून पाहिली. होता. सहाव्या दिवशी अर्धं पान निळं झालं. मी बशी घेऊन बायकोकडे धावलो. ती म्हणाली, "दाखवा ना बाबांना." मी दाखवली नाही. काय म्हणून दाखवणार? 'पाव्हणे, छान' एवढंच ऐकायला मिळालं असतं.

आणि मग मी माती खाल्ली. अर्धं पान निळं म्हणजे अर्धं अजून नाही, हे मी पोरांना शिकवलेलं. पण मालकाचा निरोप डोक्यात होता. रोपांना आता ऊन दिलं तर चटचट सावरतील, दोन दिवस आधी गाडीत चढतील, आणि आपण मोकळे. सातव्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात मी दोऱ्या सोडल्या आणि साड्या ओढून काढायला लागलो. दोन रांगा उघड्या केल्या. तिसरीला हात घातला.

"ए!"

मी वळून पाहिलं. मामा आंब्याखालून उठून येत होते, अनवाणी, जवळजवळ पळत. मला आधी वाटलं माझ्यामागे कोणी गडी उभा आहे.

"ए, तुलाच म्हनतोय. टाक तो कपडा परत. डोळे फुटले का तुझे? आत्ता कुठं जीव धरलाय त्यांनी, सकाळी पानाला पानी व्हतं. पुन्हा भाजायचीत का?"

विहिरीवर मामींचा हात घागरीवर तसाच राहिला. बायको दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आठ वर्षांत त्या अंगणात मला कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. मी साडीचं टोक धरून तसाच उभा होतो. मामांनी दुसरं टोक उचललं आणि माझ्याकडे न बघता ओढलं, तेव्हा मला पुढे सरकावं लागलं. आम्ही दोघांनी दोन्ही रांगा परत झाकल्या.

शेवटची दोरी बांधून झाल्यावर ते तिथेच ट्रेच्या कडेला बसले. खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी कागद खाली व्हता. मला दिसला व्हता. सकाळपास्नं समोर बसून बघत व्हतो. पाव्हण्याला कसं सांगायचं, म्हनून गप बसलो. उठून वर करायला जावं तर तुझा अपमान. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, काहीतरी विचार करूनच केलं आसंल."

म्हणजे वीज गेल्यापासून अडीच तास ते समोर बसून स्वतःची रोपं भाजताना बघत होते. माझ्या मानापायी. मी आठ वर्षं ज्या मानाखाली गुदमरत होतो, तो त्यांनाही तेवढाच अडकवून बसला होता, हे मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी पंचवटीत खोली बघायला गेलो होतो. आम्ही जाणार होतो."

"ठाव हाय," ते म्हणाले. "पोरीनं आईला सांगितलं व्हतं. जायचं तं जा. पन रोपं नीट करून जा."

त्या दिवशी जेवायला पाट मांडलेला नव्हता. मामींनी ताटं ओळीने ठेवली आणि पहिली भाकरी मामांना वाढली. माझ्या वाट्याला सकाळचं पिठलं आलं, त्यात मीठ कमी होतं, आणि मी ते सांगितलं. मामी म्हणाल्या, मिठाचा डबा तिथंच आहे, घ्या की हाताने. बायको खाली मान घालून हसली.

रोपं आणखी पाच दिवसांनी गेली. साड्या आम्ही हळूहळू काढल्या, आधी सकाळच्या उन्हापुरत्या, मग दुपारी थोड्या, कुठली रांग कधी उघडायची ते मामा ठरवत आणि मी दोऱ्या सोडत असे. संध्याकाळी मी बशी त्यांच्यासमोर धरायचो. पहिल्यांदा त्यांनी त्या काळ्यानिळ्या पानाला बोट लावलं, बोट हुंगलं आणि दवाखान्याचा वास येतो म्हणाले. शेवटच्या दिवशीचं पान देठापासून टोकापर्यंत निळं होतं. कडा जळालेले काही ट्रे आम्ही टाकून दिले. बाकीचे मी स्वतः गाडीत चढवले.

गाडी फाटकाबाहेर वळली आणि मी मोकळा झालो. ठरल्याप्रमाणे आता मामांना सांगायचं होतं, पण त्यांना ते माहीतच होतं. बायकोने दुपारी विचारलं, खोलीचं काय करायचं? मी तिला ती खिडकी सांगायला लागलो, समोरची गच्ची, वाळत घातलेले कपडे, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी जाणार नाही. पाहुणा केव्हाही उठून जाऊ शकतो, तेवढ्यासाठीच तर तो पाहुणा. मला त्या अंगणात सगळ्यांदेखत 'डोळे फुटले का तुझे' म्हटलं गेलं होतं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं, आणि आपण आता पुरते अडकलो हेही कळलं होतं. त्या खिडकीचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. मालकाला मी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला.

निरोप धाडायच्या आधी, त्याच सकाळी, सहाच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली होती. आठ वर्षांत त्या घरात मला कोणी झोपेतून उठवलं नव्हतं.

"ऊठ रे," मामा बाहेरून म्हणाले. "कागद वर करायचाय."

मी उठलो.